लहान टेरिअर कुत्र्यांतील त्वचादाह आणि स्नान

लहान टेरिअर कुत्र्यांतील त्वचादाह म्हणजे टेरिअर गटातील लहान चणीच्या पाळीव कुत्र्यांच्या त्वचेला येणारी खाज, लाली, सूज, पुरळ, कोंडा, केसगळती इत्यादी लक्षणांचा समूह होय. हा एकच एक रोग नाही. परजीवी, ॲलर्जी, जिवाणू, कवक, वनस्पती, रसायने अशा अनेक कारणांनी तो उद्भवतो. योग्य पाणी, योग्य शाम्पू आणि योग्य अंतर या तिन्हींचा मेळ बसल्यास स्नान हा त्यावरील उपचाराचाच एक भाग ठरतो. मात्र चुकीच्या स्नानाने विकार बळावतो. सोलापूर आणि भोवतालच्या अवर्षणप्रवण प्रदेशात कडक ऊन, जड पाणी, पाणीटंचाई आणि गोचिडांचा उपद्रव यांमुळे या विषयाला वेगळे व्यावहारिक महत्त्व आहे.

## संज्ञा व जाती

'टेरिअर' हा शब्द फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला असून त्याच्या मुळाशी 'भूमी' या अर्थाचा लॅटिन शब्द 'टेरा' आहे. बिळात शिरून कोल्हे, घुशी व उंदीर हुसकावून काढण्यासाठी ब्रिटिश बेटांवर ही कुत्री पैदा करण्यात आली. जमीन उकरण्याची व बिळात तोंड घालण्याची त्यांची उपजत वृत्ती आजही टिकून आहे. त्यामुळे माती, गवत आणि किडे यांच्याशी त्यांच्या त्वचेचा संबंध इतर घरगुती कुत्र्यांपेक्षा अधिक येतो.

लहान टेरिअरमध्ये यॉर्कशायर, वेस्ट हायलँड व्हाइट, केर्न, स्कॉटिश, जॅक रसेल, फॉक्स टेरिअर इत्यादी जातींचा समावेश होतो. यॉर्कशायर टेरिअरचे वजन प्रमाणानुसार ३.२ किलोग्रॅमपर्यंत, तर जॅक रसेलचे साधारणतः ५ ते ६ किलोग्रॅम असते. ल्हासा ॲप्सो या जातीला पूर्वी 'ल्हासा टेरिअर' म्हणत आणि 'तिबेटी टेरिअर' या नावाचीही एक जात आहे. परंतु या दोन्ही जाती खऱ्या टेरिअर गटात मोडत नाहीत. महाराष्ट्रात घरोघरी दिसणारे पॉमेरियन, पग आणि शित्झू हेही टेरिअर नव्हेत. तथापि स्नानाविषयीचे पुढील बहुतेक नियम त्यांनाही लागू पडतात.

काही टेरिअर जातींत त्वचाविकारांची आनुवंशिक प्रवृत्ती आढळते. वेस्ट हायलँड व्हाइट टेरिअरमध्ये ॲटोपिक त्वचादाह आणि मॅलॅसेझिया या यीस्टवर्गीय कवकाचा संसर्ग विशेष प्रमाणात दिसतो. केर्न, फॉक्स आणि बोस्टन टेरिअर यांचाही ॲटोपिक त्वचादाहाची प्रवृत्ती असलेल्या जातींत उल्लेख केला जातो.

## त्वचेची रचना

कुत्र्याची बाह्यत्वचा माणसाच्या बाह्यत्वचेपेक्षा पातळ असते. केसाळ भागात तिच्यात जिवंत पेशींचे केवळ तीन ते पाच थर असतात. तळातील पेशी पृष्ठभागावर येऊन गळून पडण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. बाह्य संरक्षणाचा मोठा वाटा केसांच्या आवरणावर आणि त्वग्वसा या तैलद्रव्यावर अवलंबून असतो.

माणसाच्या त्वचेचा सामू साधारणतः ४.५ ते ५.५, म्हणजे आम्लधर्मी असतो. कुत्र्याच्या त्वचेचा सामू उदासीन बिंदूच्या, म्हणजे ७ च्या आसपास असतो. माणसासाठी बनविलेला शाम्पू कुत्र्याला मानवत नाही, त्याचे हे एक कारण होय. अंगाचा वडी-साबण तर बराच अल्कधर्मी असतो. त्याने तैलद्रव्य धुऊन जाते आणि त्वचा कोरडी पडून तिला खाज सुटते.

माणसाला घाम येतो तसा कुत्र्याला सर्वांगातून येत नाही. शरीर थंड राखण्यासाठी ते मुख्यतः धापा टाकते. त्यामुळे केवळ उन्हाळा आहे म्हणून कुत्र्याला रोज स्नान घालण्याची गरज नसते. सावली, हवेशीर जागा आणि पिण्याचे भरपूर पाणी यांचा उपयोग त्याहून अधिक होतो.

## कारणे

### परजीवी

भारतात कुत्र्यांवर सर्वत्र आढळणारा तपकिरी गोचीड हा त्वचेचा दाह तर करतोच, शिवाय एर्लिकिओसिस, बबेसिओसिस यांसारखे रक्ताचे गंभीर रोगही पसरवतो. त्याची मादी रक्त पिऊन टम्म फुगल्यावर खाली पडते आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत किंवा फरशीच्या सांध्यात हजारो अंडी घालते. यामुळे कुत्रा कितीही धुतला तरी घराची जागा साफ केल्यावाचून गोचिडांचा नायनाट होत नाही.

पिसवांचेही तसेच आहे. प्रौढ पिसू कुत्र्याच्या अंगावर राहते. अंडी, अळ्या आणि कोष मात्र अंथरुणात व जमिनीवर वाढतात. पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजक्या दंशांनीही तीव्र खाज सुटते. अशी खाज बहुधा शेपटीच्या बुडाशी, कमरेवर आणि मांड्यांच्या मागील भागावर दिसते.

मराठीत 'लूत' हा शब्द ढोबळपणे वापरला जातो. प्रत्यक्षात त्यात दोन भिन्न विकार येतात. सार्कॉप्टिस या माइटमुळे होणारी लूत अत्यंत खाजरी व सांसर्गिक असते. कानाच्या कडा, कोपरे आणि पोट येथे ती आधी दिसते. डेमोडेक्स हा माइट पिल्लाच्या अंगावर जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईकडून येतो आणि निरोगी कुत्र्यात निरुपद्रवी राहतो. प्रतिकारशक्ती क्षीण झाल्यास तो बेसुमार वाढतो व केस गळू लागतात. ही दुसरी लूत सहसा इतर कुत्र्यांना लागत नाही आणि सुरुवातीला तिला खाजही अल्प असते. दोहोंचे उपचार वेगळे असल्याने हा भेद महत्त्वाचा आहे.

### ॲलर्जी

ॲटोपिक त्वचादाह हा घरातील धूळ, धुळीतील माइट, परागकण व बुरशी यांच्या ॲलर्जीमुळे होतो. त्याची सुरुवात बहुतेक वेळा सहा महिने ते तीन वर्षे या वयात होते. पंजे चाटणे, कान वारंवार बिघडणे, काखा व जांघा लाल होणे ही त्याची ठळक लक्षणे होत. हा विकार आयुष्यभर सोबत राहतो. तो समूळ बरा होत नसला तरी चांगल्या प्रकारे आटोक्यात ठेवता येतो.

अन्नाच्या ॲलर्जीत गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी आणि गहू हे घटक प्रामुख्याने आढळले आहेत. महाराष्ट्रात अनेक घरांत कुत्र्याला दूध-पोळी देण्याची प्रथा आहे. दूध व गहू हे दोन्ही पदार्थ या यादीत येतात. अर्थात दूध-पोळी खाणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला ॲलर्जी असते असे नाही. तिची खात्री करण्यासाठी पशुवैद्याच्या सल्ल्याने किमान आठ आठवडे ठरावीक आहारच द्यावा लागतो; या काळात पाहुण्याने दिलेले एक बिस्किटही चाचणी निष्फळ ठरवू शकते.

### जिवाणू व कवक

स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हा जिवाणू निरोगी कुत्र्याच्या त्वचेवरही असतो. खाजवून त्वचेला इजा झाली की तो आत शिरतो आणि पुवाळलेले पुरळ उठतात. दाट केसांखाली ओल राहिल्यास काही तासांतच ओला, लालभडक, चिकट चट्टा पडू शकतो. अपुरे वाळवलेले स्नान हे अशा चट्ट्याचे एक नेहमीचे कारण आहे. मॅलॅसेझियाच्या संसर्गात त्वचा तेलकट, काळवंडलेली व जाड होते आणि तिला उग्र दर्प येतो. गजकर्ण अथवा नायटा हाही कवकजन्य विकार असून त्यात केस झडून गोलसर चट्टे पडतात.

### वनस्पती व संपर्कातील पदार्थ

दख्खनच्या माळरानावरील कुसळी गवताची टोकदार कुसळे बोटांच्या बेचक्यात, कानात किंवा त्वचेत घुसतात आणि उलट दिशेच्या बारीक केसांमुळे आत आत सरकत जातात. एकाच पंजावर वारंवार गळू होत असेल तर कुसळाची शंका घ्यावी. गाजर गवत ही १९५० च्या दशकात पुणे परिसरात नोंदली गेलेली परदेशी तणवनस्पती माणसांत व गुरांत त्वचादाह निर्माण करते. पोट जमिनीलगत असलेल्या लहान कुत्र्याला अशा तणात मोकळे सोडू नये. फरशी पुसण्याचे फिनेल, कपडे धुण्याची पावडर आणि ताजे सिमेंट यांमुळेही पंजे व पोट यांचा दाह होतो.

## लक्षणे व निदान

खाजवणे हे सर्वांत परिचित लक्षण असले तरी चाटणे, चावणे, जमिनीवर अंग घासणे आणि डोके झटकणे हीदेखील खाजेचीच रूपे आहेत. पांढऱ्या केसांच्या टेरिअरमध्ये सतत चाटलेले केस लाळेमुळे तांबूस होतात. ही खूण फार उपयोगी पडते.

केवळ डोळ्यांनी पाहून कारण ठरविणे अनेकदा अशक्य असते. पशुवैद्य त्वचा खरवडून घेतलेला नमुना, चिकटपट्टीवर घेतलेला पेशींचा नमुना आणि केसांची मुळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. बारीक दातांच्या फणीने विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवल्यास आणि त्यांभोवती तांबूस डाग पसरल्यास ती पिसवांची विष्ठा समजावी. ही चाचणी घरीही करता येते. तपासणीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत स्नान घालणे टाळावे, कारण नमुन्यातील पुरावा धुऊन जाऊ शकतो.

## स्नान

### किती दिवसांनी

निरोगी लहान टेरिअरला सर्वसाधारणपणे तीन ते सहा आठवड्यांतून एकदा स्नान पुरते. तारेसारख्या राठ केसांच्या जातींत वारंवार धुतल्याने केस मऊ पडतात आणि माती झटकून टाकण्याचा त्यांचा गुण कमी होतो. ॲटोपिक त्वचादाह असलेल्या कुत्र्याला मात्र सौम्य शाम्पूने आठवड्यातून एकदा स्नान घालण्याची शिफारस केली जाते. त्याने ॲलर्जी निर्माण करणारे कण निघून जातात आणि खाज काही काळ शमते. औषधी शाम्पूचे अंतर पशुवैद्याने ठरवून द्यावयाचे असते.

### पाण्याचे तापमान

कुत्र्याच्या शरीराचे सर्वसाधारण तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. स्नानाचे पाणी त्याहून कमी, हाताच्या मनगटाला जेमतेम कोमट लागेल असे असावे. दाह झालेल्या त्वचेची खाज गरम पाण्याने वाढते. उन्हाळ्यात गच्चीवरील टाकीतून दुपारी येणारे पाणी पोळण्याइतके तापलेले असते. ते थेट अंगावर घेऊ नये.

### कृती

१. स्नानापूर्वी केस विंचरून गुंते सोडवावेत. गुंता भिजल्यावर अधिक घट्ट होतो व त्याखाली ओल साचते.

२. टबाच्या अथवा मोरीच्या तळाशी रबरी चटई किंवा जुने जाड कापड घालावे. पाय घसरल्यास कुत्रा घाबरतो.

३. मानेपासून शेपटीकडे पाणी घालावे. केस त्वचेपर्यंत भिजले आहेत याची बोटांनी खात्री करावी.

४. शाम्पू थेट न ओतता मगभर पाण्यात मिसळून घालावा. असे केल्याने तो सर्वत्र पसरतो आणि निघूनही लवकर जातो.

५. केसांच्या दिशेने हळुवार चोळावे. साधा शाम्पू लगेच धुवावा. क्लोरहेक्झिडिनसारखा औषधी शाम्पू सुमारे दहा मिनिटे अंगावर राहू द्यावा. ही वेळ अंदाजाने न घेता घड्याळ लावून मोजावी. औषधी शाम्पूचा गुण न येण्यामागे तो लवकर धुतला जाणे हे एक सामान्य कारण असते.

६. या अवधीत कुत्र्याला अंग चाटू देऊ नये. डोळे, तोंड व कान वाचवावेत. चेहरा ओल्या कापडाने पुसावा.

७. काखा, जांघा आणि बोटांच्या बेचक्यांतून निथळणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवावे. राहिलेला शाम्पू हाच पुढे दाहाचे कारण होतो.

### वाळवणे

धुतलेले अंग टॉवेलने टिपून घ्यावे; खसाखसा पुसल्याने दुखावलेली त्वचा आणखी सोलवटते. भौगोलिक मानांकन मिळालेला सोलापुरी टेरी टॉवेल या कामाला उत्तम आहे, कारण त्याच्या पृष्ठभागावरील उभ्या सुती फासांमुळे तो पाणी झटकन शोषतो. ('टेरी' आणि 'टेरिअर' या शब्दांतील साम्य केवळ योगायोगाचे आहे.) केस वाळविण्याचे यंत्र वापरल्यास ते थंड वाऱ्यावर ठेवावे. लहान देहाचे वजनाच्या मानाने पृष्ठफळ जास्त असल्याने भिजलेले लहान कुत्रे लवकर गारठते. म्हणून हिवाळ्यात व पावसाळ्यात स्नान सकाळी उशिरा, ऊब आल्यावर घालावे.

## सोलापूर परिसरातील परिस्थिती

सोलापूरचे हवामान उष्ण व कोरडे असून उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. कोरड्या हवेने त्वचेतील ओलावा कमी होतो. पांढऱ्या व विरळ केसांच्या कुत्र्यांची त्वचा कडक उन्हात भाजते, त्यामुळे उन्हाळ्यात केस त्वचेपर्यंत भादरणे अपायकारक ठरते. डांबरी रस्त्याने पंजेही पोळतात. म्हणून फिरणे सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर असावे.

शहराला भीमा नदीवरील उजनी धरण, टाकळी येथील योजना आणि हिप्परगा तलाव येथून पाणी मिळते. वर्षानुवर्षे काही दिवसांआड पाणीपुरवठा होत असल्याने अनेक कुटुंबे विंधनविहिरीचे पाणीही वापरतात. बेसॉल्ट खडकातील असे भूजल पुष्कळदा दुष्फेन असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो केसांच्या मुळाशी बसतो. म्हणून अशा पाण्यात वडी-साबण अजिबात वापरू नये. कुत्र्यांसाठीचा साबणविरहित शाम्पू वापरावा आणि शेवटची अंघोळ शक्य तर नळाच्या अथवा साठविलेल्या पावसाच्या पाण्याने घालावी.

पाणीटंचाईच्या काळात साप्ताहिक स्नान अवघड होते. मग आणि बादली वापरल्यास लहान टेरिअरला एक ते दोन बादल्या पाणी पुरते. तेवढेही नसेल तर पंजे, पोट, काखा व जांघा ओल्या सुती कापडाने रोज पुसून कोरड्या कराव्यात. ॲलर्जीचे कण प्रामुख्याने याच भागांना लागतात. शाम्पूचा फेस अंगावर ठेवून अपुऱ्या पाण्यात उरकलेल्या स्नानापेक्षा असे पुसणे केव्हाही चांगले.

पहिल्या पावसानंतर हवेतील दमटपणा वाढतो आणि गोचीड, पिसवा व कवक यांचा उपद्रव डोके वर काढतो. या काळात कुत्र्याची चादर दर आठवड्याला कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवावी.

## घरगुती उपायांचे धोके

खाजेवर घरगुती इलाज करण्याची परंपरा जुनी आहे. त्यांपैकी काही निरुपद्रवी, काही निरुपयोगी, तर काही प्राणघातक आहेत.

* रॉकेल, जळके ऑईल, फिनेल: लुतीवर ही द्रव्ये चोपडली जातात. त्यांनी त्वचा भाजते आणि चाटल्याने पोटात जाऊन विषबाधा होते.
* शेतातील कीटकनाशके: डाळिंब, द्राक्ष वा इतर पिकांसाठीचे औषध गोचिडांवर वापरणे अत्यंत धोक्याचे आहे. लाळ गळणे, थरथर, बाहुल्या आकुंचणे व झटके ही विषबाधेची लक्षणे होत.
* गुरांसाठीचे गोचीडनाशक: पाण्यात मिसळण्याचे प्रमाण चुकल्यास तीन-चार किलोच्या कुत्र्याचा जीव जाऊ शकतो. पर्मेथ्रिन मांजरांना विषारी असल्याने घरात मांजर असल्यास धोका दुप्पट होतो.
* माणसांची मलमे: स्टेरॉइड, प्रतिजैविक व कवकनाशक एकत्र असलेली मलमे मूळ विकार झाकून टाकतात. सोरायसिसवरील कॅल्सिपोट्रायॉलचे मलम अल्प प्रमाणात चाटले तरी कुत्र्याला घातक ठरते.
* टी-ट्री तेल: 'नैसर्गिक' म्हणून विकले जाणारे हे तेल निव्वळ स्वरूपात लहान कुत्र्यांना विषारी आहे.
* कडुलिंब, हळद, खोबरेल: कडुलिंबाच्या पाल्याचे थंड केलेले पाणी अंगावर घातल्याने सहसा अपाय होत नाही, परंतु त्याने लूत बरी होत नाही. खोबरेल तेलाचा दाट थर दाट केसांत धूळ व ओल धरून ठेवतो.

या उपायांतील सर्वांत मोठी हानी वेळेची असते. आठवडाभरात आटोक्यात येणारा विकार महिनाभर घरगुती इलाजांत चिघळतो. खाज आणि दर्प यांना कंटाळून कुत्रे रस्त्यावर सोडून देण्यापर्यंत काही जणांची मजल जाते. वास्तविक लुतीसह यांतील बहुतेक विकार उपचारांनी बरे होणारे अथवा आटोक्यात राहणारे आहेत.

## औषधोपचार

परजीवींवर आयसॉक्सॅझोलिन वर्गातील चघळण्याच्या गोळ्या प्रभावी ठरल्या असून त्या गोचीड व पिसवांबरोबर लुतीच्या माइटवरही गुणकारी आहेत. त्यांची मात्रा वजनावर ठरते आणि झटक्यांचा विकार असलेल्या कुत्र्यांत त्या जपून वापराव्या लागतात. मानेवर सोडण्याचे थेंब वापरल्यास आधीचे व नंतरचे दोन दिवस स्नान टाळावे. ते औषध त्वचेवरील तैलद्रव्यातून पसरते आणि शाम्पू नेमके तेच धुऊन काढतो.

ॲलर्जीच्या खाजेवर स्टेरॉइड, सायक्लोस्पोरिन आणि अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळालेले ओक्लासिटिनिब ही औषधे वापरली जातात. स्टेरॉइडने खाज त्वरित थांबते. परंतु कारण न शोधता पुन्हापुन्हा दिल्यास तहान, लघवी व भूक वाढणे, त्वचा पातळ होणे असे दुष्परिणाम दिसतात आणि डेमोडेक्सची लूत भडकते. जिवाणूंच्या वरवरच्या संसर्गात औषधी शाम्पूला प्राधान्य देण्याकडे आता कल आहे, कारण तोंडावाटे प्रतिजैविके वारंवार दिल्याने औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात. अशा रीतीने नीट घातलेले स्नान अनेकदा प्रतिजैविकाची गरजच टाळते.

## माणसांना होणारा संसर्ग

सार्कॉप्टिसची लूत आणि गजकर्ण हे विकार कुत्र्यापासून माणसाला होऊ शकतात. लुतीचा माइट माणसाच्या त्वचेत फार काळ टिकत नाही. कुत्र्यावर उपचार झाले की माणसाची खाजही बहुधा थांबते. गजकर्णावर मात्र स्वतंत्र उपचार घ्यावे लागतात. घरात एकाच वेळी कुत्रा व मूल दोघांनाही खाज सुटली असेल तर दोघांचीही तपासणी करावी. लागण झालेल्या कुत्र्याला स्नान घालताना हातमोजे वापरावेत.

## पशुवैद्याकडे केव्हा न्यावे

चेहऱ्यावर अचानक सूज, धाप, हिरड्या पांढऱ्या पडणे, ताप, नाकातून रक्त, झपाट्याने पसरणारा ओला चट्टा किंवा कोणतेही रसायन अंगाला लागल्याचा संशय असल्यास विलंब करू नये. रसायन लागले असल्यास त्याचे वेष्टन सोबत न्यावे. महाराष्ट्रात शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने आणि जिल्हा पातळीवरील पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालये येथे पाळीव कुत्र्यांवरही उपचार केले जातात. प्रगत तपासण्यांसाठी २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांची रुग्णालये उपलब्ध आहेत. त्यांपैकी उदगीर व शिरवळ येथील महाविद्यालये सोलापूरला तुलनेने जवळची आहेत.

## हे सुद्धा पहा

* कुत्रा
* टेरिअर
* गोचीड
* लूत
* गजकर्ण
* ॲलर्जी
* गाजर गवत
* दुष्फेन पाणी